आधी शेळी आवरा, मग झाडं लावा

एकाच रानात झाडं लावायची आणि जनावरंही चारायची, यावरचा एक लेख वाचला. ही कल्पना त्या लेखात परदेशी नवलाई म्हणून मांडलीय. पण आपल्याकडे बारामती-इंदापूरच्या माळावर बाभळीखाली मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या चरतायत. उन्हाळ्यात गवत संपलं की बाभळीच्या शेंगांचाच आधार. खतासाठी धनगरांची मेंढरं रानात बसवणं आपल्याकडे जुनंच. उरुळी कांचनच्या 'बाएफ'नं (मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभी केलेली संस्था) सुबाभूळ पसरवली, त्यातही चारा हे मोठं कारण होतं.

सुबाभळीबद्दल मात्र लेखकानं सावध करायला हवं होतं. पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. नुसता तोच पाला घातला तर जनावराचे केस गळतात. एकूण चाऱ्यात तो तिसऱ्या हिश्श्याच्या आतच बरा. शेंगा पिकू दिल्या तर रोपं रानभर होतात, ते वेगळंच.

आणि खरी अडचण शेळी! कोवळा शेंडा तिच्या तोंडी लागला की झाड खुंटलंच. शेंडा तिच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत काटेरी कुंपण घाला नाहीतर शेळ्या बांधून ठेवा. तोवर चारा कुठून आणायचा, यावर लेखात एक ओळ नाही. कोरडवाहू शेतकरी तिथंच अडतो.