वर बसलं की सेफ वाटतं, घोळ तिथंच आहे

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. एसयूव्ही किंवा पिकअप घेणारा प्रत्येक जण एकच सांगतो, अरे वर बसलं की लांबचं दिसतं, एकदम सेफ वाटतं. लांबचं दिसतं, मान्य. पण बॉनेटला खेटून उभं असलेलं लहान पोर दिसत नाही, रिव्हर्स घेताना मागं कोण खाली बसलंय तेही नाही, आणि कॅमेऱ्यावर चिखल उडाला की तोही गेला. मी तरी गाडी काढायच्या आधी भोवती एक चक्कर मारतो. लोक हसतात, हसू देत.

आणि ही उंचीच गाडी पलटी करते. डाव्या-उजव्या चाकांमधल्या रुंदीचं निम्मं घ्या, गुरुत्वमध्याच्या (गाडीचं सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरतात त्या बिंदूच्या) उंचीनं भागा, साध्या कारचा आकडा साधारण १.३ ते १.५ येतो, एसयूव्ही-पिकअपचा १.० ते १.३. आकडा कमी तेवढी गाडी पलटायला सोपी, आणि आपण वर कॅरिअरवर अजून सामान चढवतो म्हणजे कमालच! जड ते खाली ठेवा ना. चाक रस्त्याखाली मातीत उतरलं तर स्टेअरिंग झटक्यात ओढायचं नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, सरळ धरायची, वेग पडला की हळूच वर घ्यायची. लिहायला सोपं आहे हो, त्या क्षणी हात आपोआप ओढतात. फोर बाय फोरवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या चारही चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांना, तर वेगळंच सांगावं लागतं, तुमची गाडी निसरड्यावरून निघेल लवकर, थांबणार नाही लवकर, ब्रेक चारही चाकांना सगळ्यांनाच असतात.

ट्रकचं दुखणं वेगळं, तिथं वजन. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे अजून आहेत. हल्लीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की डिझेल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला जळतं, म्हणजे वाचत काहीच नाही आणि सगळा भार ब्रेकवर. ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरची पकड जाते आणि मग पाय दाबून उपयोग नसतो. चढायला जो गिअर लागला असता तो किंवा त्याहून खालचा, आणि तोही उतार लागायच्या आधी टाकायचा, कारण एकदा वेग धरला की खालचा गिअर पडत नाही.

कारवाल्यांनो, ट्रकवाल्यानं पुढं जागा सोडलीय ती तुम्हाला घुसायला नाही. ताशी ८० ला सेकंदात २२ मीटर जातात, वेग दुप्पट तर ब्रेकचं अंतर चौपट, त्यात ट्रकचे हवेच्या दाबावर चालणारे एअर ब्रेक लागायलाही थोडा वेळ जातो. आणि त्याचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्ही त्याला दिसत नाही.

लोडचं राहिलंच. निघताना कितीही आवळा, माल बसतो आणि पट्टे ढिले पडतात. मी अर्ध्या तासानं थांबून हातानं ओढून बघतो, एखादा तरी सैल निघतोच.