कापडाचा बोळा आणि सिमों हंताई: एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एक छोटी चित्रफीत मला तीन वेगवेगळ्या गटांवरून आली. एक माणूस जमिनीवर बसून रंगाने माखलेल्या भल्यामोठ्या कापडाच्या गाठी सोडतोय. खाली मजकूर असा: ‘फ्रान्समधला हा चित्रकार कापडाचा बोळा करायचा, वरून रंग फासायचा आणि उलगडून विकायचा. चित्र काढता येत नव्हतं म्हणून ही युक्ती. नाव झालं, पैसा आला, मग भाव वाढावा म्हणून घरात लपून बसला. पंधरा वर्षं काही केलं नाही. याला म्हणतात मॉडर्न आर्ट!’

अमूर्त चित्रं सगळ्यांना आवडलीच पाहिजेत असा माझा आग्रह नाही. न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण ज्याच्याबद्दल हे लिहिलंय तो माणूस खरा होता. त्याचं नाव सिमों हंताई. त्याचं आयुष्य तारखांसकट नोंदलेलं आहे, आणि या चार ओळी त्या नोंदींसमोर टिकत नाहीत. (फ्रेंच लोक नावातला ‘ह’ उच्चारत नाहीत, ‘आंताई’ म्हणतात. मी तो ठेवते, कारण ते नाव हंगेरीहून आलेलं आहे.)

‘फ्रान्समधला’ हा शब्दही तसा अर्धाच बरोबर. हंताईंचा जन्म ७ डिसेंबर १९२२चा, बुडापेस्टजवळच्या बिया या गावातला. फ्रेंच नागरिकत्व मिळालं ते १९६६मध्ये. हे फार महत्त्वाचं नाही, पुढे जाऊ.

‘चित्र काढता येत नव्हतं म्हणून ही युक्ती.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं, कारण ते प्रत्येक अमूर्त चित्रकाराच्या माथी मारलं जातं. हंताई बुडापेस्टच्या कला अकादमीत रीतसर शिकले. १९४८मध्ये पत्नी झुझासोबत देश सोडून निघाले, इटलीत हिंडले, राव्हेन्नाची मोझेक चित्रं (रंगीत तुकडे जोडून केलेली) पाहिली आणि पॅरिसला पोहोचले. तिथे सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी जी चित्रं काढली, त्यांत विचित्र प्राणी आहेत, हाडं आहेत, शरीराचे अवयव आहेत, आणि ते सगळं बारकाईने रंगवलेलं आहे. १९५२च्या डिसेंबरात त्यांनी आपलं एक चित्र आंद्रे ब्रेतोंच्या दाराशी नेऊन ठेवलं. ब्रेतों म्हणजे अतिवास्तववाद्यांचे, स्वप्न आणि अबोध मन यांतून कला घडवू पाहणाऱ्या गटाचे, पुढारी. महिनाभरातच, जानेवारी १९५३मध्ये, हंताईंचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं आणि त्याची प्रस्तावना ब्रेतोंनीच लिहिली. ज्याच्या हातात चित्र नाही अशा माणसाच्या वाट्याला हे आलं नसतं.

दोन वर्षांत त्यांनी तो गटही सोडला. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक जे करत होता, ते त्यांना पुढची वाट वाटत होतं. ब्रेतोंना ते पटत नव्हतं. त्यानंतर हंताई मोठमोठे कॅनव्हास रंगवू लागले. वर गडद रंगाचा थर द्यायचा आणि गजराच्या घड्याळातल्या धातूच्या एका तुकड्याने तो खरवडून काढायचा. त्या खरवडण्यात हाताचा जो सफाईदार झोत दिसतो, तो बघितल्यावर ‘येत नव्हतं’ म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. कापडाला घड्या घालून रंगवणं सुरू झालं १९६०मध्ये. म्हणजे पॅरिसला आल्यापासून बारा वर्षांनी, हात पुरता तयार झाल्यावर. तयारीचा गवई ताना आवरतो, तेव्हा गळा फिरत नाही म्हणून आवरत नसतो.

घड्यांच्या आधी आणखी एक चित्र आहे, आणि तिथे मला जरा रेंगाळायचंच आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ते माहीत असतं तर ‘बोळा’ हा शब्द त्याच्या लेखणीतून उतरला नसता असं मला मनापासून वाटतं.

त्या चित्राला ‘एक्रित्युर रोझ’ म्हणतात, म्हणजे गुलाबी लेखन. कॅनव्हास सुमारे ३.३ मीटर उंच आणि सव्वाचार मीटर रुंद. १९५८च्या अखेरीस, ख्रिस्ती धर्मवर्षाच्या आरंभी, हंताईंनी त्यावर लिहायला घेतलं आणि वर्षभर रोज सकाळी लिहीत राहिले. त्या-त्या दिवसाचे प्रार्थनापाठ, बायबलमधले उतारे, संत इग्नेशियस लोयोला, जर्मन तत्त्वज्ञ हेगेल. तांबड्या, हिरव्या, जांभळ्या, काळ्या शाईत बारीक अक्षरांत उतरवून काढलेले. ओळीवर ओळ चढली, अक्षरावर अक्षर बसलं, आणि शेवटी एक शब्दही वाचता येईना. मध्ये एक क्रूस, एक डेव्हिडचा तारा (ज्यूंचं सहा टोकांचं चिन्ह) आणि शाईचा एक मोठा डाग एवढंच स्पष्ट दिसतं. नवल हे की लांबून सगळा कॅनव्हास गुलाबी दिसतो, आणि वापरलेल्या शायांत गुलाबी शाई नाहीच.

आपल्याकडे कितीतरी घरांत आजी-आजोबा वहीत रामनाम लिहितात. लिखित जपाच्या त्या भरलेल्या वह्या पुन्हा उघडून वाचायच्या नसतात हे आपल्याला सांगावं लागत नाही. हंताईंचा मजकूर रोज बदलत होता, एकच नाम नव्हतं, हा फरक मोठा आहे. पण लिहिणं हीच साधना असू शकते, ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये. आणि दुपारी हा माणूस काय करत होता? त्याच वर्षात, त्याच जिद्दीने, दुसरा एक मोठा कॅनव्हास बारीक-बारीक ठिपक्यांसारख्या स्पर्शांनी भरत होता. त्याचं नाव ‘आ गाला प्लासिदिया’, राव्हेन्नातल्या त्या मोझेकने मढवलेल्या समाधीवरून घेतलेलं. सकाळी एक, दुपारी एक, तीनशे पासष्ट दिवस.

हे संपलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पहिला कॅनव्हास चुरगळला.

आता ‘बोळा करायचा आणि वरून रंग फासायचा’ याकडे येते. बोळा हा शब्द चुकीचा आहे, कारण बोळा कसाही होतो. हंताईंच्या प्रत्येक मालिकेत घडीची रीत वेगळी आहे आणि त्यामुळे चित्रही वेगळं आहे. १९६० ते १९६२च्या ‘मारियाल’ मालिकेत, जिला ‘कुमारीमातेचे झगे’ असंही म्हणतात, कापड सगळीकडून चुरगळून दाबलेलं आहे. उघडल्यावर ते फुटलेल्या काचेसारखं दिसतं, आणि जुन्या इटालियन चित्रांतल्या मेरीच्या जड, चुण्या पडलेल्या झग्याची आठवण करून देतं. पुढे फोंतेनब्लोच्या जंगलाकाठी एका खेड्यात राहायला गेल्यावर त्या खेड्याचंच नाव दिलेली मालिका आली. तिथे कापडाच्या कोपऱ्यांना गाठी आहेत, आणि उघडल्यावर मधोमध हातपाय पसरल्यासारखा एक मोठा आकार येतो. १९७०नंतरच्या ‘ताबुला’ मालिकेत मागच्या बाजूने ठरावीक अंतरावर दोऱ्याने गाठी बांधलेल्या. रंग देऊन गाठी सोडल्या की रंगीत चौकोनांची जाळी, आणि प्रत्येक चौकाच्या कोपऱ्यावर पांढरी चांदणी.

बांधणीची साडी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे तंत्र पटकन कळेल. पण हंताईंच्या मनात बांधणी नव्हती, त्यांच्या मनात आईचा ॲप्रन होता. गावाकडे इस्त्री करून घडी घातलेला तो ॲप्रन उलगडला की त्यावर घड्यांचे चौकोन उमटलेले असत. आईचा तसा एक जुना फोटो त्यांनी जपला होता आणि ताबुलांचा विषय निघाला की ते त्याची आठवण काढत. आपण नव्या साडीची ‘घडी मोडली’ म्हणतो ना, त्या पहिल्या दिवशी अंगावर दिसणाऱ्या त्या रेघा. तेच.

आणि ‘हे काय, कुणीही करेल’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी खरंच करून पाहावं. मी केलंय. दोन मीटर मांजरपाट आणला, खळ धुऊन काढली, सुतळीने तीन-तीन इंचांवर गाठी बांधल्या आणि ॲक्रिलिक रंग दिला. पहिल्या वेळी रंग पातळ झाला आणि घडीच्या आत झिरपत गेला. उलगडलं तर पांढरं काहीच उरलेलं नव्हतं, नुसता मळका निळा. दुसऱ्या वेळी रंग घट्ट ठेवला, तर चुण्या एकमेकींना चिकटल्या आणि सोडवताना रंगाची साल निघाली. तिसऱ्या वेळी गाठी सैल-घट्ट झाल्या आणि जाळी एका बाजूला कलंडली. किती दाबायचं, रंग किती दाट हवा, कधी सोडायचं, याचा अंदाज हातालाच यावा लागतो, आणि तो यायला वर्षं लागतात. योगायोगाला जागा द्यायची असेल तर त्या जागेच्या चारी भिंती नीट बांधाव्या लागतात.

ही पद्धत त्यांनी का धरली, हे कळलं की बाकीचं आयुष्य उलगडतं. फ्रेंच चित्रकार मातीसने आयुष्याच्या शेवटी रंगीत कागद कात्रीने कापले, पोलॉकने कुंचला सोडून काडीने रंग सांडला. या दोघांनंतर चित्रकाराच्या हाताने काय करायचं, हा प्रश्न हंताईंपुढे होता. घडी घातली की चित्रकार आंधळा होतो. तो जे रंगवतो ते त्याला दिसत नाही, आणि जे दिसणार आहे ते त्याने रंगवलेलं नसतं. आपल्या कौशल्याची मिजास मोडण्याचा हा मार्ग होता. १९६९च्या ‘एत्यूद’ मालिकेत एकाच रंगात कापड रंगवलेलं आहे, आणि न रंगवलेलं पांढरं पात्यांसारखं उसळून येतं. त्या चित्रांपाशी आपल्याला आपला खरा विषय समजला असं ते सांगत: रंगाखालची जमीन वर येणं.

आता सगळ्यात गंभीर आरोप. ‘भाव वाढावा म्हणून लपून बसला.’

हंताई १९८२मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, फ्रान्सचे प्रतिनिधी होते. त्याच्या आदल्या वर्षी बोर्दोमध्ये, वसाहतींचा माल साठवण्यासाठी बांधलेल्या एका जुन्या प्रचंड गोदामात, त्यांच्या अवाढव्य ताबुला लागल्या होत्या. १९७६मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सिंहावलोकनी प्रदर्शन होऊन गेलं होतं. वय साठीच्या आत. आणि नेमक्या या टप्प्यावर त्यांनी प्रदर्शनं थांबवली, गॅलऱ्यांची निमंत्रणं नाकारली. एकदा १९७६नंतरही ते काही वर्षं थांबले होते, म्हणजे ही लहर नव्हती. कलेच्या बाजाराचा आणि सरकारी मानमरातबाचा रेटा चित्राला गिळतो आहे असं त्यांना वाटत होतं, आणि त्या यंत्रात माल पुरवायला त्यांनी नकार दिला.

माल कमी झाला की भाव चढतो, हे मी नाकारत नाही. आज त्यांच्या चित्रांना लिलावात कोट्यवधी रुपये मिळतात हेही खरं. पण हेतू ठरवायचा तर माणसाने काय केलं ते बघावं लागेल. भावासाठी थांबलेला माणूस भाव चढल्यावर विकायला येतो. हंताईंनी ‘एक्रित्युर रोझ’ १९८०च्या दशकात फ्रेंच राष्ट्रीय संग्रहाला देऊन टाकलं. १९९०च्या दशकात पॅरिस शहराच्या आधुनिक कला संग्रहालयाला चित्रं दान केली. आणि बोर्दोतल्या त्या अवाढव्य ताबुला, ज्या विकल्या असत्या तर पुढच्या पिढ्या बसून खाऊ शकल्या असत्या, त्या त्यांनी कात्रीने कापल्या.

आपल्याकडे अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंबद्दल हेच बोललं गेलं. दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, वर्षाला मोजकी चित्रं करणारा, कमी बोलणारा माणूस, आणि त्याच्या मौनामागे गूढ किंवा डाव शोधणारे आपण. दोघांची चित्रं एकमेकांसारखी नाहीत, ओढून-ताणून जोडी लावायची नाही मला. पण एखाद्याला फक्त काम करायचं होतं आणि बाकीचं नको होतं, हे साधं कारण आपल्याला इतकं अविश्वसनीय का वाटतं, असा प्रश्न गायतोंडेंचं नाव घेणाऱ्या मराठी माणसाने तरी स्वतःला विचारायला हवा.

राहिलं ‘पंधरा वर्षं काही केलं नाही’. प्रदर्शन नाही म्हणजे काम नाही, हा हिशोब दुकानाचा आहे. त्या वर्षांत ते वाचत होते, तत्त्वज्ञांशी बोलत होते, आणि जुन्या कॅनव्हासांकडे पुन्हा पुन्हा बघत होते. ताबुला कापताना त्यांनी वाट्टेल तशी कात्री चालवली नाही. रंगाच्या दोन चौकांमधलं पांढरं मध्यावर येईल, चांदणी एका अंगाला राहील, असे तुकडे निवडले. त्यांना नाव दिलं ‘लेसे’, म्हणजे सोडून दिलेली, मागे राहिलेली. १९९८मध्ये पॅरिसमध्ये ते तुकडे लोकांसमोर आले, तेव्हा कळलं की मधल्या काळात चित्र थांबलं नव्हतं, कुंचला थांबला होता.

आणि त्यानंतर, १९९९-२००० या काळात, त्यांनी जाक देरिदा आणि जाँ-ल्यूक नान्सी या दोन तत्त्वज्ञांच्या लेखनातले उतारे घेतले. तलम, चुरगळलेल्या कापडावर ते हाताने उतरवायला सुरुवात केली. एकदा, पुन्हा एकदा, त्याच जागेवर, चुण्यांवरून, महिनोन्‌महिने, अक्षर वाचता येईनासं होईपर्यंत. नान्सींशी पत्रव्यवहार चालू होता आणि त्या पत्रांतून हे काम कसं चाललंय याची खबर जात होती. चाळीस वर्षांपूर्वी रोज सकाळी जे केलं होतं, तेच पुन्हा, आता घडी पडलेल्या कापडावर. तेव्हा त्यांचं वय सत्याहत्तर होतं.