खातेदारांना फोन द्या

घरातल्या वडीलधाऱ्यांचं फोनचं, इंटरनेटचं नाहीतर विजेचं खातं आता आपणच सांभाळावं, अशी सद्बुद्धी तुम्हाला झाली असेल तर अभिनंदन. एकच पथ्य पाळा. ग्राहकसेवेला फोन करून खरं बोलू नका.

"मी त्यांचा मुलगा बोलतोय" हे चार शब्द तोंडातून गेले की कारभार आटोपला. "सुरक्षेच्या कारणास्तव आम्हाला खातेदारांशीच बोलावं लागेल, सर." बिल भरायला मात्र कुणीही चालतो, तिथे नातं विचारत नाहीत. पैसे कुणाचेही चालतात, शंका फक्त खातेदाराला येऊ शकते.

खातेदार शेजारीच बसलेले असतात. 'यासाठी १ दाबा, त्यासाठी २ दाबा' ऐकून त्यांचं डोकं फिरतं, म्हणून तर फोन तुम्ही लावलेला. स्पीकर चालू करा आणि गंमत बघा. आमच्याकडे ती अशी झाली :

"आपली जन्मतारीख सांगाल का, सर?"

"काय म्हणतेय ती?"

"जन्मतारीख विचारतेय, बाबा."

"तुला माहीत नाही होय माझी?"

"सर, कृपया खातेदारांना मदत करू नका."

बाबांनी तारीख खणखणीत सांगितली. मग सुरक्षा-प्रश्न आला : शाळेतले आवडते शिक्षक कोण? बाबांचा चेहरा उजळला. मास्तरांचं नाव, त्यांचा विषय, त्यांची छडी, त्यांनी एकदा अख्ख्या वर्गासमोर यांची पाठ कशी थोपटली, असं सगळं झालं. माणूस तोच आहे याचा याहून भक्कम पुरावा कुठल्या कोर्टातही मिळाला नसता. पलीकडून एवढंच आलं, "माफ करा सर, उत्तर जुळत नाही."

जुळणार कसं? खातं उघडताना फॉर्म मी भरला होता. आवडत्या शिक्षकांच्या रकान्यात माझ्या बाई होत्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच खोलीत गेलो, दार लावलं, थोडं खोकलो, आवाज जरा खाली आणला आणि "हां, बोला" म्हणालो. जन्मतारीख त्यांची, बाई माझ्या. दोन मिनिटांत काम फत्ते, वर "आणखी काही सेवा करू शकते का, सर?" चोर आत, संन्यासी सुळावर, आणि खातं एकदम सुरक्षित.

हे तुमच्या मनाला पटत नसेल तर बहुसंख्य सज्जनांसारखा सरळ पासवर्डच मागून घ्या. 'पासवर्ड कुणालाही सांगू नका' असं कंपनीने अटींमध्ये लिहिलेलं असतं, पण अटी वाचून 'मान्य' दाबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. शिवाय परंपरेचा आधार आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या एका सामायिक संगणकावर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पासवर्ड आले, आणि १९६२मध्ये तिथल्याच ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली. त्याला संगणकावर जास्त वेळ हवा होता. तुम्हाला तर फक्त बिलातली चूक दुरुस्त करून हवीय.

तरीही सरळमार्गीच राहायचं असेल तर 'अधिकृत प्रतिनिधी' नेमण्याचा फॉर्म मागा. "असा काही फॉर्म असतो?" हा प्रश्न बऱ्याचदा तुम्हालाच विचारला जाईल, डगमगू नका. फॉर्मवर खातेदाराची सही लागते, दोघांची ओळखपत्रं लागतात, आणि तुम्हाला किती अधिकार हवेत ते सांगावं लागतं : नुसतं बघण्यापुरते, बिल आणि तक्रारींपुरते, की प्लॅन बदलण्यापर्यंत सगळे. विचार करत बसू नका, सगळे घ्या. तुम्ही हौसेने घेतलेल्या महागड्या प्लॅनची थकबाकी खातेदाराच्याच नावावर चढते, तुमचं काय जातं? आणि उद्या कंटाळा आला म्हणून धाकट्या भावाला परस्पर नेमू म्हणाल, तर ते सहसा जमत नाही. प्रतिनिधीला प्रतिनिधी नेमता येत नाही. नेमणूक खातेदारच करणार, म्हणजे पुन्हा बाबा, पुन्हा मास्तर.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा एकदाच मुखत्यारपत्र करून टाका. करा की. फक्त साधं मुखत्यारपत्र बऱ्याच देशांत, करून देणाऱ्याची समज गेली की रद्द होतं. ज्या दिवसासाठी केलं त्याच दिवशी ते संपतं. त्यावर उपाय म्हणून काही देशांत वेगळं टिकाऊ मुखत्यारपत्र असतं, आणि ते समज शाबूत असतानाच करावं लागतं. 'अजून काय घाई आहे' म्हणणाऱ्या घरात ते व्हायची शक्यता किती, हे तुम्हाला तुमच्या घरावरून कळेल.

मी शेवटी फॉर्मच भरला. बाबांची सही घेतली. सही घेताना ते पेपर वाचत होते, पण घेतली. आठवड्याभराने त्यांच्या फोनवर मेसेज आला : 'तुमच्या खात्यावर नवा प्रतिनिधी नेमण्यात आला आहे. हा बदल तुम्ही केला नसेल तर ताबडतोब कळवा.'

आता त्याआधीचा महिनाभर मीच त्यांना पढवत होतो. अनोळखी मेसेजवर विश्वास ठेवायचा नाही, ओटीपी कुणाला द्यायचा नाही, शंका आली की कार्डावरच्या नंबरवर कंपनीला फोन करायचा. संध्याकाळी घरी आलो तर बाबा खुर्चीत ताठ बसलेले.

"कुणीतरी माझ्या खात्यात घुसत होता. आडनावसुद्धा आपलंच लावलं होतं लेकाने. फोन करून हाकलून दिला."

"तुम्ही फोन केलात?"

"सगळे आकडे दाबले शेवटपर्यंत."

"आणि सुरक्षा-प्रश्न?"

"विचारला की. तुझ्या बाईंचं नाव सांगितलं."