संरक्षण आदेश मोडल्याचा आरोप आणि ‘तिनेच बोलावले होते’ हा बचाव

कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांना सामोऱ्या जाणाऱ्या पुरुषांसाठी म्हणून एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: न्यायालयाचा संरक्षण आदेश हा केवळ दिवाणी स्वरूपाचा कागद असतो, तो एकतर्फी, म्हणजे तुमची बाजू न ऐकता, निघाला असेल किंवा त्याची प्रत तुम्ही घेतलीच नसेल तर तो तुम्हाला लागू होत नाही, पत्नीने स्वतः फोन केला किंवा घरी बोलावले की तो आपोआप संपतो, तुम्ही बोलू नका, पण आई-बहिणीने निरोप द्यायला हरकत नाही, आणि एवढे करूनही आदेश मोडल्याची तक्रार झालीच, तर तिच्या एकटीच्या शब्दावर शिक्षा होते, जामीन मिळत नाही, म्हणून वकिलावर पैसे घालवण्यापेक्षा तिला गाठून प्रकरण मिटवावे. या संदेशाचा पहिला भाग माणसाला आरोपी बनवतो आणि दुसरा भाग त्याच्या हातातला खरा बचाव काढून घेतो. शिवाय जिने संरक्षण मागितले तिच्या दारात त्याला पुन्हा नेऊन उभा करतो. म्हणून यातला प्रत्येक दावा कायद्याच्या शब्दांशी ताडून पाहणे मला आवश्यक वाटते.

आदेश दिवाणी स्वरूपाचा असल्याच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे आणि तेच फसवे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १२ खाली अर्ज होतो तेव्हा कोणावरही गुन्ह्याचा आरोप नसतो. अर्जदार स्त्री न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागत असते. परंतु कलम १८ खाली संरक्षण आदेश निघाला आणि तो मोडला गेला, की कलम ३१ नुसार तो गुन्हा होतो आणि त्याला १ वर्षापर्यंत कारावास, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कलम ३२ ने हा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा, आणि अजामीनपात्र केला आहे. त्याच तथ्यांतून क्रूरतेचा किंवा हुंड्याचा गुन्हा दिसत असेल, तर न्यायदंडाधिकारी त्याचाही दोषारोप ठेवू शकतात.

एकतर्फी आदेशाबद्दलचा दावा तर कायद्याच्या उघड मजकुराविरुद्ध आहे. कलम २३ न्यायालयाला अर्जदाराच्या प्रतिज्ञापत्रावरून एकतर्फी अंतरिम आदेश देण्याचा अधिकार देते, आणि कलम ३१ मध्ये अंतिम आदेशाबरोबर अंतरिम संरक्षण आदेशाचाही स्पष्ट उल्लेख आहे. असा आदेश अन्यायकारक वाटत असेल, तर कलम २९ खाली सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करता येते, किंवा त्याच न्यायालयात हजर होऊन आपली बाजू मांडून आदेशात बदल मागता येतो. आदेश चुकीचा होता असे वाटणे हे तो मोडण्याचे समर्थन ठरत नाही.

प्रत न घेण्याचा प्रश्न मात्र थोडा निराळा आहे. आपल्यावर असा आदेश आहे हे ज्या माणसाला खरोखरच ठाऊक नव्हते, त्याने तो मोडला असे म्हणणे कठीण आहे, आणि माझ्या मते हा बचाव जेथे खरा आहे तेथे तो भक्कमही आहे. कलम २४ नुसार आदेशाची प्रत पक्षकारांना विनामूल्य द्यायची असते. बजावणी कोणत्या तारखेला, कोणावर आणि कशी झाली हे अभिलेखात पाहता येते, आणि ती तारीख कथित भंगाच्या नंतरची निघाली तर आरोपाचा पायाच डळमळतो. परंतु समन्सवाल्यासमोर दार लावून घेणे म्हणजे आदेश माहीत नसणे नव्हे. आपल्या वकिलाने वकीलपत्र दाखल केले असेल, आदेशाच्या दिवशी आपण हजर असल्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन कामाच्या नोंदीत, असेल, किंवा आपण स्वतःच कोणाला ‘कोर्टाने मला बंदी घातली आहे’ असे लिहून पाठवले असेल, तर प्रतीवर सही नसल्याचा मुद्दा काही कामाचा राहत नाही.

आता ज्या दाव्यामुळे सर्वाधिक माणसे अडचणीत येऊ शकतात त्याकडे वळतो: तिनेच बोलावले होते. संरक्षण आदेश हा पती-पत्नींमधला करार नाही, तो न्यायालयाचा हुकूम आहे आणि त्यातील मनाई गैरअर्जदाराला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज झाला त्याला, उद्देशून आहे. कलम २५ सांगते की पीडित स्त्री आदेश रद्द करण्यासाठी अर्ज करीपर्यंत तो अमलात राहतो. आणि परिस्थिती बदलली असेल तर दोघांपैकी कोणाच्याही अर्जावरून न्यायदंडाधिकारी लेखी कारणे देऊन तो बदलू किंवा मागे घेऊ शकतात. फोनवरच्या आमंत्रणाने आदेश संपतो असे त्या कलमात कोठेही म्हटलेले नाही. मुलाच्या आजारपणामुळे, सणामुळे किंवा खरोखरच्या मायेने तिने बोलावले असेल. तरीही आदेशात भेटीला मनाई असताना गेलेला माणूस आपल्या जोखमीवर गेलेला असतो.

याचा अर्थ तिच्या बोलावण्याला पुरावा म्हणून काहीच किंमत नाही असा मुळीच नाही, आणि फिरत्या संदेशातली खरी हानी येथे दिसते, कारण तो चुकीचा बचाव शिकवून योग्य बचाव विसरायला लावतो. पहिली गोष्ट म्हणजे आदेशाचा नेमका मजकूर वाचला पाहिजे. कलम १८ मध्ये मनाईचे अनेक प्रकार आहेत: हिंसाचार करू नये, तिच्या कामाच्या ठिकाणी किंवा मुलाच्या शाळेत जाऊ नये, तोंडी, लेखी, दूरध्वनीवरून वा इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्काचा प्रयत्न करू नये, परवानगीशिवाय बँकेचे लॉकर, खाती किंवा स्त्रीधन हाताळू नये, आणि तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांना त्रास देऊ नये. प्रत्येक आदेशात या सगळ्याच मनाया असतात असे नाही. आदेशात फक्त हिंसाचाराला मनाई असेल आणि संपर्काला नसेल, तर तिच्या बोलावण्यावरून झालेली शांत भेट हा भंगच ठरत नाही. उलट संपर्काला मनाई असेल, तर ‘मी हात लावला नाही’ हे सांगून सुटका होत नाही. दुसरी गोष्ट, फिर्यादीत तो बळजबरीने घरात घुसला असे लिहिले असेल आणि त्याच तासाभरातले तिचे आमंत्रणाचे संदेश उपलब्ध असतील, तर ते संदेश साक्षीची विश्वासार्हता तपासण्यासाठी, जामिनाच्या वेळी आणि दोष शाबीत झालाच तर शिक्षेच्या प्रमाणासाठीही महत्त्वाचे ठरतात. मात्र असे संदेश सोयीपुरते कापलेल्या स्क्रीनशॉटच्या रूपात नव्हे, तर संपूर्ण संभाषणासह आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह सादर करावे लागतात, म्हणून मूळ फोन तसाच जपून ठेवणे आवश्यक आहे.

आई-बहिणीमार्फत निरोप पाठवण्याच्या सल्ल्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. ‘कोणत्याही स्वरूपात’ संपर्काचा प्रयत्न असे कलम १८ चे शब्द आहेत, आणि याच अधिनियमाखालील २००६ च्या नियमांतील नियम १५ नुसार आदेशाच्या अंमलबजावणीला गैरअर्जदाराच्या वतीने वागणाऱ्या कोणीही केलेला अडथळा हा भंगच समजला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर या कायद्याखाली स्त्रियांनाही गैरअर्जदार करता येते, त्यामुळे आदेशात सासू किंवा नणंद यांची नावे असतील तर निरोप घेऊन जाणारी स्वतःच आरोपी होऊ शकते.

याच संदेशाच्या काही आवृत्त्यांत पोटगी थकली की कलम ३१ खाली अटक होतेच, असेही जोडलेले असते. अधिनियमात संरक्षण आदेशाची व्याख्या कलम १८ खालील आदेश अशी आहे, तर आर्थिक साहाय्याचा आदेश कलम २० खाली निघतो. म्हणून केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पोटगीच्या थकबाकीला कलम ३१ लागू होत नाही असे म्हटले, मात्र सर्वच उच्च न्यायालयांचे मत असे नाही. आरोप केवळ थकबाकीचा असेल तर हा मुद्दा वकिलाने अवश्य उपस्थित करावा. वसुलीच्या वाटा मात्र स्वतंत्रपणे खुल्याच असतात, त्यात मालकाला पगारातून थेट रक्कम देण्याचा आदेशही येतो.

तिच्या एकटीच्या शब्दावर शिक्षा होते, हा दावा कलम ३२ च्या अर्धवट वाचनातून आला आहे. पीडित स्त्रीच्या एकमेव साक्षीवरून न्यायालय गुन्हा घडल्याचा निष्कर्ष ‘काढू शकते’, असे ते कलम म्हणते. काढलाच पाहिजे असे म्हणत नाही. बंद दाराआड घडणाऱ्या गोष्टींना दुसरा साक्षीदार सहसा नसतो, म्हणून ही तरतूद रास्तच आहे, आणि ती आपल्या साक्षीच्या कायद्याला परकीही नाही: एखादी बाब शाबीत करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही, आणि १९५७ मध्ये एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की साक्षीदार मोजायचे नसतात, त्यांचे वजन पाहायचे असते. हे वजन उलटतपासात ठरते. शाबीत करण्याची जबाबदारी सरकार पक्षावरच राहते आणि वाजवी संशयाचा फायदा याही आरोपीला मिळतो. आरोपात तारीख, वेळ आणि ठिकाण सांगितले असेल, तर त्या वेळी आपण अन्यत्र होतो हे हजेरीच्या नोंदी, प्रवासाची तिकिटे किंवा कॅमेऱ्याचे चित्रण यांतून दाखवता येते. असे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जतन करण्याची लेखी विनंती विलंब न लावता करावी लागते. न्यायालयाच्या आवारात किंवा एखाद्या लग्नात झालेली अनपेक्षित गाठभेट आणि मुद्दाम गाठणे यांतला फरकही पुराव्यानेच दाखवायचा असतो. शिवाय कलम ३१ च्या गुन्ह्याला तक्रार दाखल करण्याची १ वर्षाची मुदत लागू होते आणि ती आदेश मोडल्यापासून मोजायची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालातून स्पष्ट झाले आहे. जुन्या घटनांवर उभ्या केलेल्या आरोपात ही तारीख तपासणे हे वकिलाचे पहिले काम असते.

अजामीनपात्र या शब्दाचाही असाच विपर्यास होतो. त्याचा अर्थ जामीन हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाच्या विवेकाधिकारातून मिळतो, एवढाच आहे. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, अटकेची कारणे नोंदवावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. जामीन देताना न्यायालय कोणत्या अटी घालू शकते हे नियम १५ मध्ये दिलेले आहे, आणि तिला फोन करू नये, कोणताही संपर्क साधू नये ही त्यांतली एक अट आहे.

म्हणूनच ‘तिला गाठून मिटवा’ हा शेवटचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. संपर्काला मनाई असताना ती भेट हा नवा भंग होतो, जामिनावर असलेल्याचा जामीन धोक्यात येतो, आणि साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप त्यात भर घालतो. हेतू कितीही चांगला असला तरी दारात उभ्या असलेल्या माणसाचा हेतू आतून दार धरून बसलेल्या स्त्रीला दिसत नाही. समेट दोघांनाही खरोखर हवा असेल, तर बोलणी वकिलांमार्फत किंवा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात करता येतात, न्यायदंडाधिकारी कलम १४ खाली समुपदेशनाचा निर्देश देऊ शकतात, आणि त्यानंतर तिने किंवा त्याने कलम २५ खाली अर्ज करायचा असतो. त्या अर्जावर निर्णय होईपर्यंत जुना आदेश जसाच्या तसा लागू असतो.