गरिबीवरचा सिनेमा बघताना घ्यावयाची काळजी

सगळ्यात आधी घर बघा. सिनेमातलं नव्हे, तुमचं. ‘पॅरासाइट’ वन बीएचकेत बघू नये, तिथे तो विनोदी वाटत नाही. नाशिकच्या गंगापूर रोडला सोमेश्वरच्या पुढे, सातव्या मजल्यावर, ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून घेतलेला आणि समोर दुसऱ्या बिल्डरचं होर्डिंग दिसणारा थ्री बीएचके उत्तम. भिंतीवर प्रोजेक्टर, चार जोडपी, जवळच्या डोंगरउतारावरची वाइन. मुलांना आजीकडे पाठवून द्या. शेवटी रक्त आहे आणि मुलं त्याआधीच प्रश्न विचारायला लागतात.

थोडी माहिती पाठ करून ठेवा. दिग्दर्शक बाँग जून-हो, देश दक्षिण कोरिया, साल २०१९, त्याच वर्षी कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक. २०२० मध्ये चार ऑस्कर, त्यांतलं एक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं, जे इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतल्या सिनेमाला तोवर कधीच मिळालं नव्हतं. एवढ्यावर पहिला ग्लास निघतो. ‘आत्ता बघताय?’ असं कुणी विचारलंच तर ‘परत बघतोय’ म्हणावं.

मग फाळके काढा. नाशिककराने सिनेमावर बोलताना फाळके काढले नाहीत तर फाऊल धरतात. त्र्यंबकेश्वरचा जन्म, १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’, पांडवलेण्यांच्या पायथ्याचं स्मारक, इथपर्यंत बिनधास्त जा. तिथे थांबा. त्या सिनेमातली राणी तारामती म्हणजे ग्रँट रोडच्या एका हॉटेलात दहा रुपये पगारावर काम करणारे अण्णा साळुंके होते, फाळक्यांनी त्यांना पंधरा देऊ केले, हे सांगू नका. फाळके १९४४ मध्ये आपल्याच गावात ओढाताणीतच गेले, हे तर नकोच. पार्टीचा मूड जातो.

आता गोष्ट. चौघांचं एक बेकार कुटुंब पिझ्झ्याची खोकी दुमडून दिवस काढतंय. पोराला एका बंगल्यात इंग्रजीची शिकवणी मिळते. मग त्याची बहीण चित्रकलेची बाई म्हणून घुसते, बाप ड्रायव्हर म्हणून, आई स्वयंपाकीण म्हणून, आणि चौघंही एकमेकांना ओळखत नसल्यासारखे वावरतात. इथे तुम्ही कुणाच्या बाजूने असायचं हे पहिल्या पाच मिनिटांत जाहीर करा. अर्थातच गरिबांच्या. ‘आम्हीपण सिडकोत दोन खोल्यांत राहिलोय’ हे वाक्य इथे शोभतं. सिडकोतल्या त्या दोन खोल्या आता भाड्याने दिल्यात आणि भाडेकरू दर महिन्याला दोन दिवस उशीर करतो, हा विषय वेगळा. स्वतःला मिडल क्लासच म्हणा. खाली दोन गाड्या असल्या तरी म्हणा, श्रीमंत म्हणजे ज्याच्याकडे तीन आहेत तो.

कुटुंब राहतं ते अर्ध्या तळघरात. खिडकी रस्त्याच्या पातळीला, बाहेर दारुडा लघवीला उभा राहिला की सगळं जेवतानाच दिसतं. कोरियात याला ‘बांजिहा’ म्हणतात. १९७० च्या दशकात उत्तर कोरियाच्या धास्तीने इमारतींखाली आसरे बांधायला लावले, पुढे घरं महागली तशी त्यांत भाडेकरू आले. हे ऐकून पाहुणे हळहळतील. हळहळू द्या. फक्त त्या वेळी कुणाला आपल्या पार्किंगमधली, मीटरच्या शेजारची वॉचमनची खोली आठवू नये एवढं बघा. तिला खिडकीच नाही, त्यामुळे तुलना तशीही होत नाही.

घरातल्या मावशींना कुठे बसवायचं, हा या सिनेमाचा खरा अवघड भाग. भजी तळायला त्यांना थांबवून घेतलेलं असतं, आणि स्वयंपाकघराच्या दारातून पडदा दिसतो. मला हे कसं माहीत, ते विचारू नका. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे : शेजाऱ्यांचं फुकटचं वायफाय बंद पडतं, भाऊ-बहीण मोबाइल वर धरून घरभर फिरतात आणि शेवटी उंच ओट्यावर बांधलेल्या संडासाजवळ वाकून बसल्यावर त्यांना रेंज मिळते. आमच्याकडे तेव्हा सगळे गप्प होते, कुणीतरी ‘फ्रेमिंग बघ’ म्हणालं. मागून मावशी खळखळून हसल्या. झारा हातात, तेल ठिबकतंय. ‘ताई, आमच्याकडं बी मोरीतच रेंज येती!’ यावर काय म्हणायचं हे कोणत्याच समीक्षेत दिलेलं नाही. आमच्यातल्या एकाने सिनेमा पॉज केला आणि आणखी भजी मागितली. हा उपाय चालतो.

वासाचा विषय निघाला की मात्र सावध. बंगल्याचा मालक बायकोला सांगतो, या ड्रायव्हरला एक वास येतो, भुयारी रेल्वेतल्या माणसांना येतो तसा. आपल्याकडे भुयारी रेल्वे नाही, त्यामुळे हा प्रश्न नाशिकला लागू नाही. पंचवटीहून शेअर रिक्षात चौथ्या सीटवर बसून आलेल्या माणसाला लिफ्टमध्ये बघून आपण दाराकडे तोंड करतो, ते मोबाइलला रेंज यावी म्हणून.

पुराचा प्रसंग आपल्याला सोपा जाईल, सरावाचा आहे. एका रात्रीच्या पावसात गरिबांचं तळघर गटाराच्या पाण्याने भरतं, ते व्यायामशाळेत जमिनीवर झोपतात. सकाळी मालकीणबाई त्याच ड्रायव्हरच्या गाडीत मागे बसून फोनवर सांगतात, पावसाने हवा कशी स्वच्छ झाली, आज बागेत पार्टी करू. आणि नाकाला काहीतरी जाणवून काच खाली करतात. इथे ‘काय बाई आहे!’ असं मोठ्याने म्हणा. त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं, तेव्हा आपण काय करत होतो? पूर बघायला गेलो होतो. गोदेतल्या दुतोंड्या मारुतीवर आपण पूर मोजतो : कमरेला लागलं, छातीला लागलं, आता नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला लागतं का, असे ग्रुपवर मेसेज. गोदाकाठचे विक्रेते टपऱ्यांचे पत्रे दोरीने बांधत होते, फोटोत ते फार छान आले. परतताना गरम कणसं खाल्ली.

जेवणाचं राहिलंच. सिनेमातल्या बाई दोन प्रकारचे पाकिटातले स्वस्त नूडल्स एकत्र करून त्यांवर कोरियातलं महागडं गोमांस घालून मागतात. गरिबाचं खाणं, श्रीमंताची टॉपिंग. पाहुणे हसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनाच घेऊन शहराबाहेरच्या मळ्यात चुलीवरच्या मिसळीला जायचंय. तिथे बैलगाडी आहे, बैल नाहीत. मातीच्या भांड्यात रस्सा, बाजूला जिलबी, आणि पार्किंगला शिट्टी वाजवणारा पोरगा, ज्याने स्वतः सकाळपासून काय खाल्लंय ते आपण विचारत नाही, कारण मागे गाड्यांची रांग असते.

शेवटचं, उरलेलं अन्न. पास्ता उरतोच. तो मावशींना बांधून द्या, पण स्टीलचा डबा देऊ नका, तो मागायला जड जातं. श्रीखंडाचा रिकामा डबा द्यावा, परत आला नाही तरी बिघडत नाही. आमच्याकडचा मात्र तिसऱ्या दिवशी परत आला. घासून, वाळवून, आणि रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून आत लसणाची चटणी. आता त्यांना तो परत देताना आपण काय घालायचं, यावर घरात दोन दिवस बोलणं चाललंय. चटणी संपली. डबा ओट्यावरच आहे.