साडेचारच्या आत

ग्रीसमधल्या पिरेयसहून निघणाऱ्या आमच्या चार दिवसांच्या क्रूझच्या वाट्याला तुर्कस्तानातले कुशादासी हे बंदर एकाच दिवसापुरते आले होते, आणि त्या एका दिवसाच्या आखणीत मी नालासोपाऱ्याच्या घरी बसून अडीच महिने घालवले. जहाज सकाळी आठला धक्क्याला लागणार आणि दुपारी साडेचारच्या आत सर्वांनी परत चढलेच पाहिजे, एवढीच माहिती आम्हाला तिकिटाबरोबर मिळाली होती. हाताशी साडेआठ तास होते आणि माणसे सहा. बंदरापासून सुमारे वीस किलोमीटरवर एफेसस हे प्राचीन शहर, त्याच्या शेजारीच सेल्चुक गाव, गावाबाहेर प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेल्या अर्टेमिस मंदिराचे अवशेष, आणि कुशादासीच्या अंगाला लागूनच समुद्रकिनारे. हे सारे साडेआठ तासांत बसवायचे म्हणजे विरार लोकलमध्ये दादरला बिऱ्हाडासह चढण्यासारखेच होते. पण मी हिशेबतपासनीस असल्यामुळे माझा आकड्यांवर नको तितका विश्वास आहे.

आधी प्रत्येकाची मागणी नोंदवून घेतली. थोरल्या कन्येला एफेससमधल्या सेल्सस ग्रंथालयासमोर एक छायाचित्र हवे होते, मात्र त्यात तिच्याखेरीज दुसरे माणूस नको होते. चिरंजीव आठवीत आहेत. त्यांना समुद्रात डुंबण्याखेरीज या सहलीत कशातही रस नव्हता. सौभाग्यवतींना पाण्यात पाय सोडून शांत बसायचे होते, आणि ‘शांत’ हा शब्द उच्चारताना त्यांनी माझ्याकडे पाहिले होते. अर्टेमिस ही देवी आहे एवढे कळताच सासूबाईंनी दर्शनाची वेळ विचारली. सासरे, म्हणजे आमचे नाना, पश्चिम रेल्वेत गार्ड होते आणि निवृत्त होऊन आता अठरा वर्षे झाली आहेत. त्यांनी एकच प्रश्न केला, “परतीची गाडी कितीला?” साडेचारच्या आत, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी मान डोलावली आणि पुढे अडीच महिने या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत.

जहाजाची स्वतःची सहल घेतली असती तर यातले काहीच करावे लागले नसते. त्या सहलीचा एक फायदा असा की, परतीला त्यांचीच बस अडकली तर जहाज थांबते. स्वतंत्र फिरणाऱ्यासाठी ते थांबत नाही, मग तुम्ही धक्क्यावर कितीही हात हलवा. पण सहा माणसांचे त्यांचे दर ऐकल्यावर मी स्वतंत्र बाण्याचा झालो. सौ. म्हणाल्या, “जहाज सुटले तर?” त्यासाठी मी तक्त्यात ‘राखीव वेळ’ नावाचा एक रकाना घातला. अठ्ठावीस मिनिटांचा. अठ्ठावीसच का, हे आज मला सांगता येणार नाही, पण तीस हा आकडा तेव्हा फार ढोबळ वाटला होता.

तक्त्याच्या एकूण अकरा आवृत्त्या निघाल्या. एफेससला दोन फाटके आहेत, एक वरचे आणि एक खालचे. शहर उतारावर वसलेले असल्यामुळे शहाणा माणूस वरच्या फाटकाने आत शिरतो आणि खालच्या फाटकाने बाहेर पडतो, हे चौथ्या आवृत्तीत कळले. ग्रीसमधून तुर्कस्तानात जाऊन परत ग्रीसमध्येच यायचे असल्याने एकापेक्षा अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागतो, हे सहाव्या आवृत्तीत कळले आणि आठवडाभर घरात शोककळा पसरली. किनारा कोणता घ्यायचा यावर सातवी, आठवी आणि नववी आवृत्ती खर्ची पडली. एफेससजवळचा पामुजाक लांबलचक आणि मोकळा. पण बंदरापासून दूर. गावाजवळचा ‘कादिनलार देनिझी’, म्हणजे बायकांचा समुद्र, जेमतेम तीन किलोमीटरवर. तेथे पूर्वी केवळ स्त्रियाच स्नान करीत, अशी त्या नावामागची कथा सांगतात. ती ऐकताच सासूबाईंनी त्या किनाऱ्याच्या बाजूने मत दिले आणि प्रश्न मिटला. दुपारी दोन ते साडेतीन समुद्र, असे मी ठळक अक्षरांत लिहिले.

दिवाळी आटोपून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पिरेयसला जहाजावर चढलो. रोज संध्याकाळी खोलीच्या दारात दुसऱ्या दिवसाचे छापील पत्रक येई. कुशादासीचे पत्रक आले तेव्हा मी त्यातली धक्क्याला लागण्याची वेळ, परतीची वेळ आणि न्याहारीची वेळ माझ्या तक्त्याशी ताडून पाहिली. तिन्ही जुळल्या. मग त्या पत्रकाचा उपयोग संपला असे समजून मी ते सासूबाईंना दिले आणि त्यांनी त्यात घरच्या उरलेल्या चकल्या बांधल्या.

सकाळी पहिला धक्का बसला. न्याहारी करून, पिशव्या भरून, आम्ही जहाजाच्या जिन्याखाली उतरलो तेव्हा मोबाईलवर नऊ चाळीस झाले होते. तक्त्यात आठ चाळीस होते. एक संपूर्ण तास कोठे गेला हे कोणालाच कळेना, आणि आपल्याकडे अशा वेळी तास शोधत नाहीत, माणूस शोधतात. सौ. म्हणाल्या की चिरंजीव आंघोळीला गेले ते बाहेरच येईनात. चिरंजीवांनी बोट ताईच्या केसांकडे दाखवले. ताईने आजीच्या दोन कप चहाचा उल्लेख केला. मी मात्र संयमाने सर्वांकडे आळीपाळीने पाहिले, जे सर्वांना अधिक झोंबले.

“आठ चाळीसच झालेत,” नाना मनगटाकडे पाहत म्हणाले.

त्यांच्या मनगटावर नोकरीतले एचएमटी जनता होते. “नाना, सेल बदलायला झाला असेल,” असे मी म्हणालो. “हे चावीचे आहे,” एवढेच ते बोलले आणि गप्प झाले. जावयाशी वाद घालू नये हा त्यांचा नियम आहे आणि त्या नियमाचे फळ मला आजवर गोडच मिळत आले होते.

बंदराच्या फाटकाबाहेर घासाघीस करून एक मोठी टॅक्सी ठरवली. तास बुडालेला असल्यामुळे मला नीट घासाघीसही करता आली नाही. चालकाने सांगितलेल्या दोन-तृतीयांश दरावर मी घाईने तयार झालो. त्याच्या चेहऱ्यावर आलेला आनंद पाहता निम्म्यावरही तो आला असता. साडेदहाला आम्ही वरच्या फाटकातून आत शिरलो आणि मी सर्वांना सांगितले की आज एफेसस ‘पाहायचे’ नाही, ‘उरकायचे’ आहे.

पण ते शहर उरकण्यासारखे नाही. संगमरवरी फरशीचा क्युरेटीस मार्ग उतारावरून खाली जाऊ लागला की दुतर्फा खांब, कारंजी, हेड्रियनच्या देवळाची कमान, आणि प्रत्येक तिसऱ्या दगडावर उन्हाला अंग देऊन पहुडलेले मांजर. चिरंजीवांनी मांजरे मोजायला घेतली आणि पुढचा सगळा वेळ ते आमच्यापेक्षा तीसेक पावले मागे राहिले. सार्वजनिक शौचालयापाशी नाना थांबले. भिंतीला लागून संगमरवराचे लांब बाक, त्यांत ओळीने कोरलेली भोके, खाली पाण्याचा पाट, आणि दोन भोकांमध्ये आडोसा म्हणून काहीच नाही. नानांनी बाकाची लांबी नजरेने मापली, भोकांमधले अंतर वितीने मोजले आणि म्हणाले, “खांद्याला खांदा लावून बसत असणार, पण चौथ्या सीटची सोय ठेवलेली नाही.” दिवसभरात त्यांचे हे सर्वांत मोठे वाक्य होते.

उतारावरची श्रीमंतांची घरे छपराखाली झाकलेली असून त्यांना वेगळे तिकीट आहे. तक्त्यात ती नव्हती. सौभाग्यवतींनी काचेच्या जिन्यावरून एका घराच्या जमिनीवरची नक्षी पाहिली आणि त्या तेथेच उभ्या राहिल्या. बाजूला संगमरवराचे हजारो तुकडे मांडून ठेवलेले होते, ते जुळवून भिंती पुन्हा उभ्या करण्याचे काम चालते. “आपल्याकडे फरशी बसवायला आलेला माणूस चार कोपरे जुळवत नाही,” असे त्या म्हणाल्या. मी घड्याळ दाखवले. त्यांनी मला घरातून बाहेर जाण्याची वाट दाखवली.

सेल्सस ग्रंथालयाची दर्शनी भिंत छायाचित्रांत दिसते त्याहूनही देखणी आहे. आशिया प्रांताचा रोमन सुभेदार सेल्सस याच्या स्मरणार्थ त्याच्या मुलाने ते बांधायला घेतले, तेथे सुमारे 12,000 गुंडाळ्या होत्या असे सांगतात, आणि तळघरात खुद्द सेल्ससला पुरलेले आहे. आपण आज पाहतो ती भिंत कोसळलेल्या दगडांतून 1970 ते 1978 या काळात पुन्हा उभी केली. ती उभी करायला आठ वर्षे लागली. तिच्यासमोर निर्मनुष्य छायाचित्र घ्यायला आमच्या कन्येला आठशे वर्षे लागली असती. आमच्यासारखीच चार जहाजांची माणसे त्या पायऱ्यांवर होती आणि त्यांतल्या प्रत्येकाला निर्मनुष्य छायाचित्रच हवे होते. शेवटी तिने आभाळाकडे कॅमेरा धरून नुसते वरचे खांब घेतले.

तेथून भव्य नाट्यगृह, सुमारे 25,000 माणसे बसतील एवढे, आणि त्याच्या पायथ्यापासून सरळ पश्चिमेकडे गेलेला बंदराचा रस्ता. चिरंजीव मांजरांतून मोकळे होऊन त्या रस्त्याच्या टोकाकडे पाहू लागले. “बंदराचा रस्ता आहे ना? मग समुद्र कोठे आहे?” हा प्रश्न योग्य होता. रस्त्याच्या टोकाला झुडपे आणि लव्हाळे होते. नदीने शतकानुशतके गाळ आणून आणून बंदर बुजवले आणि समुद्र काही किलोमीटर मागे गेला. बंदर गेल्यावर शहरही उठले. मी हे सांगत असताना मला उगीचच अपराधी वाटू लागले, कारण आमचे सोपारेही असेच आहे. ग्रीक दर्यावर्द्यांना ठाऊक असलेले ते बंदर गाळाने गेले. भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली तेथला स्तूप खणला, अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडाही त्याच वर्षी तेथे मिळाला. माझ्या घरापासून तो स्तूप रिक्षाने दहा मिनिटांवर आहे आणि मी तो शाळेच्या सहलीत एकदा पाहिला आहे. त्यासाठी मी आजवर एकही तक्ता केलेला नाही.

खालच्या फाटकाबाहेर आलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. सेल्चुकच्या अर्टेमिस मंदिरापाशी पोहोचेपर्यंत सव्वादोन. सासूबाई साडी सावरून उतरल्या आणि त्यांनी चहूकडे पाहिले. दलदलीच्या मैदानात तुकडे जोडून उभा केलेला एक खांब होता आणि त्याच्या डोक्यावर करकोच्याचे रिकामे घरटे. रोमन लेखक प्लिनीने या देवळाचे 127 खांब सांगितले आहेत. आपले नाव व्हावे म्हणून हेरोस्ट्रॅटस नावाच्या माणसाने इसवी सनपूर्व 356 मध्ये ते जाळले. त्याचे नाव कोणी उच्चारू नये असे फर्मान निघाले, तरीही मला ते पाठ आहे. हे सगळे मी सासूबाईंना सांगितले. त्यांनी शांतपणे चप्पल काढली, त्या एका खांबाला हात जोडले आणि म्हणाल्या, “देवी गेली म्हणून नमस्कार का वाया जातो?”

मग भूक. सेल्चुकमध्ये एका बाईंनी लाटून तव्यावर भाजलेली, पालक आणि चीज भरलेली गोझलेमे खाल्ली; सासूबाईंच्या मते पीठ चांगले मळलेले होते, पण लाटणे फार बारीक. बिल देऊन निघालो तेव्हा तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. आता समुद्राचे दोन ते साडेतीन कोठून आणणार? मी गाडीतच जाहीर केले की किनारा रद्द. चिरंजीव खिडकीकडे तोंड करून बसले. वळणावर एकदा समुद्र दिसला, निळा आणि अगदी रिकामा, आणि गाडीत कोणीच काही बोलले नाही. नाना एकदाच म्हणाले, “वेळ आहे.” मी त्यांना आदराने सांगितले की आपण आधीच एक तास मागे आहोत.

चार वाजून पाच मिनिटांनी आम्ही धापा टाकत बंदराच्या फाटकात शिरलो. तेथे शुकशुकाट होता. जहाज सुटायला पंचवीस मिनिटे उरली असताना परतणारे आम्हीच काय ते प्रवासी, हे काही बरे लक्षण नव्हते. तेवढ्यात चिरंजीवांनी रागारागाने चकल्यांचे पुडके सोडले. तेलाने पारदर्शक झालेल्या पत्रकावर एक चौकट दिसत होती, ती कन्येने उजेडाला धरून वाचली. ग्रीसमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात. तुर्कस्तानने ही पद्धत 2016 पासून सोडली आहे. त्यामुळे आज बंदरातली वेळ जहाजाच्या वेळेच्या एक तास पुढे राहील, जहाज आपली वेळ बदलणार नाही, आणि सर्व वेळा जहाजाच्या घड्याळाप्रमाणे समजाव्यात, असे त्या चौकटीत ठळक अक्षरांत छापलेले होते. मोबाईलने रात्रीच आपण होऊन तुर्कस्तान गाठले होते.

पाच जणांनी माझ्याकडे पाहिले. सकाळपासून हरवलेला तास सापडला होता आणि त्याबरोबर माणूसही.

“तीन पाच,” नाना म्हणाले. “पिरेयसला चढताना जहाजाच्या घड्याळाशी मिळवले होते.” मग त्यांनी आवाज चढवला, जो मी लग्नापासून आजतागायत ऐकला नव्हता. “दहा मिनिटे जायला, दहा यायला. पाण्यात अर्धा तास. चारला फाटकात. चला!” आणि ते टॅक्सीच्या रांगेकडे चालू लागले. आमच्या अठ्ठावीस मिनिटांच्या रकान्याची त्यांनी चौकशीही केली नाही.

किनाऱ्यावर ऊन तिरपे झाले होते आणि पाणी थंड होते. चिरंजीव कपड्यांनिशीच आत शिरले. कन्येला अखेर निर्मनुष्य छायाचित्र मिळाले, फक्त त्यात ग्रंथालय नव्हते. सासूबाई आणि सौ. घोट्याएवढ्या पाण्यात, बायकांच्या समुद्रात, हातात हात घालून उभ्या होत्या. नानांनी विजारीच्या घड्या गुडघ्यापर्यंत वर केल्या, मनगटावरचे घड्याळ सोडले आणि बारा चपलांची राखण करीत बसलेल्या माझ्या हातात दिले.

“पंचवीस मिनिटे झाली की हाक मारा, जावईबापू,” ते म्हणाले. “मोबाईल बघू नका.”