रबर होतं, परवानगी नव्हती

गर्भनिरोधकांचा इतिहास निघाला की पहिला मान मगरीच्या विष्ठेला! इसवी सनापूर्वी 1800च्या आसपासच्या इजिप्तच्या काहून पपायरसमध्ये, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरच्या हस्तलिखितात, तो उपाय खरंच आहे. लोक वाचतात, 'ईऽऽ' करतात, हसतात आणि पुढे सरकतात. त्यानंतर काही शतकांनी लिहिलेल्या एबर्स पपायरसबद्दल मात्र कुणी बोलत नाही. बाभळीच्या जातीचं झाड, खजूर आणि मध एकत्र वाटायचं, त्यात बोळा भिजवायचा आणि योनीत ठेवायचा, असं त्यात सांगितलंय. बाभळीचा डिंक आंबला की लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि ते शुक्रजंतूंना मारक असतं. हे रसायनशास्त्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. करून बघून, एकमेकींना सांगूनच ते तिथवर पोचलं असणार.

म्हणून मला वाटतं, या इतिहासात अक्कल कधीच फारशी कमी पडली नाही. खरा वाद होता तो साधन कुणाच्या हातात जाणार, याचा.

कंडोमचंच बघा. इटालियन वैद्य फालोपिओच्या 1564मध्ये छापलेल्या ग्रंथात औषधी पाण्यात भिजवून वाळवलेल्या लिननच्या कापडाच्या पिशवीचं वर्णन आहे. अकराशे पुरुषांवर ती वापरून बघितली आणि एकालाही रोग झाला नाही, असा त्याचा दावा. रोग म्हणजे सिफिलिस, लैंगिक संबंधातून पसरणारा. मूल होऊ नये हा विषयच नव्हता, पुरुषाला काही होऊ नये एवढंच. पुढे प्राण्यांच्या आतड्याची आवरणं आली. इंग्लंडमधल्या डडली किल्ल्याच्या शौचकूपात सतराव्या शतकातली अशी आवरणं सापडलीत. मग गुडइयरने रबर टिकाऊ करायची युक्ती काढली आणि 1850च्या दशकात रबरी कंडोम आले. जाडजूड, शिवण असलेले, धुऊन परत वापरायचे. सुख किती होतं देव जाणे! पण अमेरिकेत पुढे ते 'फक्त रोगप्रतिबंधासाठी' असं छापून राजरोस विकले जाऊ लागले.

बाईच्या हातातलं साधनही तयार होतंच. 1838मध्ये जर्मनीत विल्डे नावाचा डॉक्टर मेणाचा साचा घेऊन प्रत्येकीच्या मापाची गर्भाशयमुखावरची रबरी टोपी बनवत होता. 1880च्या दशकात मेन्सिंगाने डायाफ्राम आणला. उथळ वाटीसारखं रबर आणि कडेला घड्याळातल्यासारखी चपटी स्प्रिंग. कडा चिमटीत दाबून आत सरकवायची, आत गेल्यावर ती पसरून जागेवर बसते. नवऱ्याची संमती नको, त्याला कळायलाही नको. मेन्सिंगाने याबद्दल टोपणनावाने लिहिलं, यातच काय ते आलं. नेदरलँड्समध्ये अलेटा जेकब्ज या डॉक्टरबाईंनी ते आपल्याकडे येणाऱ्या बायकांना बसवून द्यायला सुरुवात केली.

तिकडे अमेरिकेत 1873च्या कॉमस्टॉक कायद्याने असली साधनंच काय, त्यांची माहितीसुद्धा टपालाने पाठवणं गुन्हा ठरवलं. संततिनियमनासाठी झगडणाऱ्या मार्गारेट सँगरने 1916मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्यासाठीचा दवाखाना उघडला, तो पोलिसांनी काही दिवसांतच बंद केला. तिला तीस दिवसांची कैद झाली.

बंदीने गरज थोडीच संपते? उघड बोलता येत नाही म्हटल्यावर बाजाराने आडवळणाचे शब्द शोधले. 'स्त्रियांची स्वच्छता' या नावाखाली लायसॉलसारखी जंतुनाशकं योनी धुवायला विकली गेली, जाहिरातींतून, राजरोस. गर्भ राहायचा तो राहायचाच, वर अंग भाजायचं. याचा मला मगरीच्या विष्ठेपेक्षा जास्त राग येतो, कारण चांगलं साधन तेव्हा अस्तित्वात होतं. आणि डॉक्टरांकडे जावं, तर एकोणिसाव्या शतकातले कितीतरी डॉक्टर दोन पाळ्यांच्या मधले दिवस 'सुरक्षित' म्हणून सांगत. म्हणजे नेमके उलटे! ओगिनो आणि क्नाउस या डॉक्टरांनी हिशोब नीट मांडला तोवर 1920चं दशक उजाडलं होतं.

1921मध्ये लंडनला मेरी स्टोप्सचा संततिनियमनाचा दवाखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांचं केंद्र. कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. स्टोप्सबाईंना मात्र मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. त्यांच्या गर्भनिरोधक टोपीचं नावच 'प्रो-रेस', म्हणजे 'वंशाच्या भल्यासाठी', असं होतं. कुणी मुलं जन्माला घालावीत आणि कुणी घालू नयेत, हे ठरवायची हौस त्यांनाही होतीच.

कॉमस्टॉकची वीण सैल केली ती एका पार्सलने. जपानहून न्यूयॉर्कच्या डॉ. हॅना स्टोन यांच्या नावे आलेल्या पेसरी, म्हणजे योनीत बसवायची गर्भनिरोधक साधनं, कस्टम्सने जप्त केल्या. खटल्याचं नाव 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध जपानी पेसरींचं एक पार्सल'. आरोपीच्या जागी खोकं! 1936मध्ये खोकं जिंकलं, पण सूट मिळाली डॉक्टरांना. लग्न झालेल्या जोडप्यांचा ही साधनं वापरण्याचा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला 1965मध्ये, आणि अविवाहितांचा 1972मध्ये.